घाटउतारावरील निकामी ब्रेक : कारणे, उपाय आणि गावांची जबाबदारी

महाराष्ट्राच्या रस्तेवाहतुकीत घाटरस्त्यांचे स्थान फार मोठे आहे. बोर, थळ, माळशेज, ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली हे सह्याद्रीतील घाट म्हणजे देश आणि कोकण यांमधील दरवाजेच होत. बोर घाटातून चाकांच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला तो १८३० मध्ये. तेव्हापासून या वाटेने जाणाऱ्या वाहनांचे रूप पालटत गेले. आज या घाटांतून मालमोटारी, एस. टी.च्या गाड्या, शाळांच्या सहलींच्या बस आणि वऱ्हाडाचे टेम्पो रात्रंदिवस ये-जा करतात. राज्याचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये जाहीर झाल्यानंतर झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली फिरती निवासवाहनेही त्यांत येऊन मिळाली आहेत. ही सर्व वाहने वजनाने जड असतात आणि घाट उतरताना त्यांच्या सुरक्षिततेचा सारा भार ब्रेकवर येतो.

हा ब्रेक निकामी झाल्यास काय होते, याचा दारुण अनुभव सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पळासनेर या गावाने घेतला आहे. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाच्या बाजूने उतार उतरत आलेला एक कंटेनर तेथे पुढील वाहनांवर आदळला आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसून उलटला. ब्रेक निकामी झाल्यामुळे चालकाचा ताबा सुटल्याचे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. या अपघातात किमान १० जणांचा बळी गेला. मृतांमध्ये बसची वाट पाहत थांब्यावर उभी असलेली माणसेही होती. उतारावरील ब्रेकचा प्रश्न केवळ चालकाचा व वाहनमालकाचा नसून घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या प्रत्येक गावाचा आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा कारखाना

'अचानक ब्रेक फेल झाला' असे अपघातानंतर नेहमी ऐकू येते. ब्रेकचा पाइप फुटणे किंवा एखादा भाग तुटणे अशा घटना खरोखरच अचानक घडतात. तथापि, लांब उतारावरील बहुतेक प्रसंगांत बिघाडाची तयारी आधीच्या चार-पाच किलोमीटरांत झालेली असते, आणि त्याचे कारण असते उष्णता.

१० टन वजनाची एक बस ३०० मीटर उंचीचा घाट उतरत आहे, असे समजू. उंचावर असताना या बसमध्ये जी ऊर्जा साठलेली असते, ती खाली येईपर्यंत कोठेतरी खर्च व्हावी लागते. ती खर्च झाली नाही, तर तिचे रूपांतर वेगात होते. केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ही जवळजवळ सारी ऊर्जा ब्रेकचे लायनर आणि ड्रम यांच्या घर्षणातून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. हिशेब केल्यास असे दिसते, की एवढ्या उष्णतेने ३० अंश तापमानाचे सुमारे १०० लिटर पाणी उकळीला येईल. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी तीच बस लागोपाठ सुमारे २० वेळा पूर्णपणे थांबविण्याइतके काम ब्रेकना एका उतारात करावे लागते. सपाट रस्त्यावर दोन वेळा ब्रेक लावण्याच्या दरम्यान ड्रमला थंड होण्यास अवधी मिळतो. घाटात पाय पेडलवरच राहिल्यास तो मिळत नाही.

अतिशय तापलेल्या ब्रेकमध्ये तीन प्रकारचे दोष उद्भवतात. एक, लायनरच्या पृष्ठभागाची घर्षणशक्ती घटते. चालक जोर लावतो, पण वाहनाचा वेग पुरेसा कमी होत नाही. दोन, तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि आतील लायनरपासून दूर सरकतो. त्यामुळे पेडल अधिकाधिक खोल दाबावे लागते. तीन, ज्या वाहनांत ब्रेक ऑइलच्या दाबाने काम चालते, त्यांत हे तेल उकळू लागते. तेलात वाफेचे बुडबुडे झाले, की पायाचा दाब ते बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल थेट तळाला टेकते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, ही गोष्ट अनेक वाहनधारकांना ठाऊक नसते. सर्वसाधारण वापरातील डॉट-३ प्रकारचे नवे तेल २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. ओलावा मुरलेल्या त्याच तेलासाठी हे प्रमाण १४० अंशांपर्यंत खाली येते. तेलाची पातळी बरोबर असली, तरी तेल जुने झाले असल्यास ते घाटात दगा देऊ शकते. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ते बदलणे आवश्यक असते.

इंजिन हाच पहिला ब्रेक

घाट उतरताना वेग आवरण्याचे मुख्य काम इंजिनाकडे आणि मदतीचे काम ब्रेककडे असावे, हे जाणत्या चालकांचे जुने तत्त्व आहे. खालचा गिअर घातला आणि ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, की चाकांना इंजिन फिरवावे लागते. त्या श्रमात वाहनाची ऊर्जा खर्च होते. अनेक मालमोटारी व बस यांत एक्झॉस्ट ब्रेकची जोड असते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंची वाट अडवून हा ब्रेक इंजिनाचा विरोध वाढवितो. या दोहोंमुळे लायनर तापत नाहीत.

यास्तव ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच अथवा त्याहून खालच्या गिअरमध्ये तो उतरावा, असे सांगितले जाते. हा गिअर उतार सुरू होण्यापूर्वी, घाटमाथ्यावरच घातला पाहिजे. वेग वाढल्यानंतर खालचा गिअर घालण्याचा प्रयत्न फसला, तर वाहन न्यूट्रलमध्येच राहण्याचा धोका असतो. ब्रेक सतत हलकेच दाबून ठेवण्याऐवजी वेग ठरावीक मर्यादेला पोहोचताच तो नेटाने दाबावा, ताशी ८-१० किलोमीटरने वेग उतरला की पाय काढावा आणि ब्रेकना थंड होऊ द्यावे.

याच्या नेमकी उलट असलेली सवय म्हणजे इंधन वाचविण्यासाठी उतारावर वाहन न्यूट्रलमध्ये टाकणे अथवा इंजिन बंद करणे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा विरोध संपूर्णपणे नाहीसा होतो. इंजिन बंद पडले, की हवेच्या ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. ऑइल ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. प्रथम हा ब्रेक निकामी होण्याचा प्रकार मानला गेला. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे प्राथमिक तपासात आढळल्याचे पुढे सांगण्यात आले. थोड्या डिझेलच्या बचतीसाठी पत्करलेला हा धोका किती महाग पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

पहिले अर्धे मिनिट

एवढी काळजी घेऊनही ब्रेक निकामी झाला, तर काय करावे? दर १०० मीटरला ५ मीटर उतार असलेल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेले जड वाहन मोकळे सुटले, तर साधारण अर्ध्या मिनिटात त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात जातो. तेवढ्या वेळात ते सुमारे ४०० मीटर अंतर कापते. वेग सव्वादोन पटींहून थोडा अधिक झाला, तरी आघाताची ऊर्जा पाचपटींहून अधिक होते. म्हणून जे करावयाचे ते पहिल्या काही सेकंदांतच केले पाहिजे, आणि त्यासाठी पायऱ्या आधीपासून मनात ठरलेल्या असल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन बंद करू नये व किल्ली काढू नये. किल्ली काढल्यास स्टिअरिंगला कुलूप बसू शकते.

दुसरी गोष्ट, आपल्या वाहनाचा ब्रेक कोणत्या प्रकारचा आहे, हे चालकाला ठाऊक हवे. ऑइल ब्रेक असल्यास पेडल भराभर व पूर्ण दाबून सोडावे. काही वेळा त्यामुळे दाब पुन्हा तयार होतो. हवेच्या ब्रेकच्या बाबतीत मात्र असे करणे घातक ठरते, कारण पेडल दरवेळी सोडताना टाकीतील साठलेली हवा खर्च होते. तेथे पेडल एकदाच घट्ट दाबून धरावे. हवेच्या दाबाचा काटा खाली जात असल्यास किंवा इशाऱ्याचा दिवा लागल्यास टाकीत हवा आहे तोवरच वाहन थांबवावे. बहुतेक आधुनिक जड वाहनांत हवेचा दाब फार उतरला, की स्प्रिंगच्या जोराने लागणारा ब्रेक आपोआप लागतो. तो झटक्याने लागू शकतो, म्हणून स्टिअरिंगवरील पकड घट्ट ठेवावी. लायनरच अतिशय तापलेले असतील, तर या ब्रेकचाही जोर कमी पडतो.

तिसरी गोष्ट, एक्झॉस्ट ब्रेक लावून एकेक करून खालचे गिअर घालावेत. क्लच दाबून ठेवू नये. क्लच दाबलेला असेतोवर वाहन मोकळेच धावत असते. ऑटोमॅटिक गिअरच्या वाहनात खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी.

चौथी गोष्ट, हॅण्डब्रेक हळूहळू व टप्प्याटप्प्याने लावावा. तो एकदम पूर्ण ओढल्यास मागील चाके जाम होतात आणि वाहन आडवे फिरते.

या सर्व काळात हॉर्न, पुढचे दिवे आणि चारही इंडिकेटर चालू ठेवून इतरांना सावध करावे. प्रवाशांनी उभे राहू नये आणि धावत्या वाहनातून उडी घेऊ नये. बसून समोरील आधार घट्ट धरावा व डोके खाली झुकवावे.

एवढ्यानेही वाहन आवरत नसेल, तर वेग वाढण्यापूर्वीच थांबण्याची जागा निवडावी. चढावर जाणारा फाटा, वाळूचा किंवा मुरमाचा ढीग, नांगरलेले शेत, झुडपांचा पट्टा ही त्यांतल्या त्यात बरी ठिकाणे होत. घाटात डोंगराच्या बाजूचे गटार किंवा दरड यांना वाहन तिरके घासत नेल्यास वेग उतरतो. पत्रा फाटेल, काचा फुटतील, परंतु दरीच्या बाजूला किंवा समोरच्या वाहनावर जाण्यापेक्षा ही हानी सोसण्यासारखी असते. 'अजून थोडे पुढे जाऊन पाहू' असे म्हणण्यात गमावलेला प्रत्येक क्षण वेग वाढवीत असतो.

वाहन थांबल्यावर चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावावेत आणि प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे. मागे पुरेशा अंतरावर इशाऱ्याचा त्रिकोण ठेवावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, त्याला तडे जाण्याची भीती असते. तासाभराने ब्रेक थंड होऊन पेडल पुन्हा घट्ट लागू लागते आणि 'गाडी ठीक झाली' असा समज होतो. हा समज फसवा आहे. मेकॅनिकने तपासल्याखेरीज ते वाहन पुढे नेऊ नये. वाहन हलविल्यावर लावलेले दगड रस्त्यातून काढण्यास विसरू नये, कारण रात्रीच्या वेळी ते दुचाकीस्वारांच्या जिवावर बेततात.

फिरत्या घराचा विशेष विचार

कॅरव्हॅनच्या बाबतीत काही गोष्टी अधिक लक्षात घेतल्या पाहिजेत. मालमोटार माल उतरविल्यावर हलकी होते. कॅरव्हॅनमधील पलंग, कपाटे, ओटा, पाण्याची टाकी हे ओझे मात्र कायमचे असते. १०० लिटर पाणी भरले की १०० किलो वजन वाढते. घाट उतरण्यापूर्वी जादा पाणी कमी करणे व सामानाचा भार ठरलेल्या मर्यादेत ठेवणे हा साधा उपाय आहे.

अशी वाहने पुष्कळदा महिनोन्महिने उभी असतात. त्या काळात ब्रेक ऑइलमध्ये ओलावा मुरतो, हॅण्डब्रेकची केबल गंजते, ड्रमवर गंज चढतो. थोडे किलोमीटर धावलेले वाहन म्हणजे चांगल्या स्थितीतील वाहन, हा हिशेब येथे चुकतो. सहलीला निघण्यापूर्वी ब्रेकची तपासणी करून घ्यावी. अशा वाहनावर बसणाऱ्या चालकाला बहुधा मोटारीची सवय असते. जड वाहनाला थांबण्यास लागणारे अंतर त्याने प्रथम सपाट रस्त्यावर अजमावून पाहावे. वाहन चालू असताना कोणीही पलंगावर निजू नये किंवा ओट्यापाशी उभे राहू नये. सर्वांनी पट्टा लावून आसनावर बसावे. गॅस सिलिंडरची चावी बंद असावी आणि भांडीकुंडी बंदिस्त असावीत. आघाताच्या वेळी सुटी वस्तू दगडासारखी अंगावर येते.

रेल्वेने घेतलेली खबरदारी

बोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. दर ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र चढ असलेल्या या मार्गावर गाडीचा ब्रेक निकामी होऊ शकतो, हे गृहीत धरूनच व्यवस्था करण्यात आली. उतारावर ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गाला चढावर जाणारे आडमार्ग जोडलेले आहेत. सांधा एरव्ही आडमार्गाकडेच वळविलेला असतो. उतरणारी गाडी नियमानुसार थांबली, म्हणजे तिचा ब्रेक चालतो हे सिद्ध झाले, तरच तिला पुढचा मार्ग मिळतो. जी गाडी थांबू शकत नाही, ती आपोआप आडमार्गावर जाऊन चढावर थबकते.

या व्यवस्थेत दोन तत्त्वे सामावलेली आहेत. ब्रेकची परीक्षा उताराच्या मध्यावर नव्हे तर योग्य जागी थांबून घ्यावी, आणि माणूस वा यंत्र चुकले तरी जीव वाचावेत अशी सोय मार्गातच असावी. रस्त्यांच्या बाबतीत हीच तत्त्वे दोन प्रकारे अमलात आणता येतात. घाटमाथ्यावर जड वाहनांसाठी सक्तीचा थांबा व तपासणीची जागा ठेवणे हा एक प्रकार. उतारावर योग्य ठिकाणी बचाव-मार्गिका बांधणे हा दुसरा. बचाव-मार्गिका म्हणजे मुख्य रस्त्यापासून फुटणारा, शक्यतो चढावर जाणारा आणि सैल, गोलसर खडीने भरलेला फाटा. त्यात चाके रुततात व वाहन थांबते. ही खडी काळाच्या ओघात घट्ट बसते, म्हणून ती वेळोवेळी उकरून सैल करावी लागते. मार्गिकेच्या तोंडाशी वाहने उभी राहिल्यास किंवा टपरी थाटली गेल्यास तिचा काही उपयोग उरत नाही.

गावाने आणि शाळेने काय करावे

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील रस्त्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे. बसथांबा, आठवड्याचा बाजार, चहाच्या टपऱ्या, रिक्षांचा तळ आणि शाळेचे फाटक यांपैकी काय उताराच्या सरळ रेषेत येते, याची नोंद करावी. एखादे वाहन सुटले, तर ते कोठे जाईल, हे गावातील वृद्धांना व रिक्षाचालकांना पुष्कळदा अचूक ठाऊक असते. बसथांबा बाजूला हलविणे, विक्रेत्यांना पर्यायी जागा देणे, वेगमर्यादेचे व उताराचे फलक घाटमाथ्यापासूनच लावून घेणे ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. ग्रामसभेच्या ठरावासह त्यांचा प्रस्ताव सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरण आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांच्याकडे पाठवावा. त्यासोबत पूर्वीच्या अपघातांची जागा, तारीख व वेळ यांची यादी जोडल्यास अधिकाऱ्यांना निर्णय घेणे सुलभ होते.

अपघात झाल्यास मदतीला प्रथम पोहोचतात ते गावकरीच. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेले असावेत. जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १३४-अ नुसार कायदेशीर संरक्षण आहे. त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मदतीस कचरण्याचे कारण नाही.

सहलीची बस ठरविताना शिक्षकांनी योग्यता प्रमाणपत्र पाहावे. ८ वर्षांपर्यंतच्या प्रवासी व मालवाहू वाहनांना ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. परंतु प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते, सहलीच्या दिवसाची नव्हे. म्हणून ब्रेकची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, चालकाला त्या घाटाची सवय आहे काय आणि आदल्या रात्री त्याची झोप झाली आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. घाटमाथ्यावर दहा मिनिटे थांबण्याची वेळ सहलीच्या कार्यक्रमातच धरावी. वेळ गाठण्यासाठी चालकाला घाई करणे म्हणजे त्याला वरच्या गिअरमध्ये घाट उतरण्यास भाग पाडणे होय. चाकांकडून जळका वास येत असेल किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर गाडी पुढे न नेण्याच्या चालकाच्या निर्णयाला शिक्षकांनी पाठिंबा द्यावा.

घाटउतारावरील ब्रेकचा बिघाड बहुधा आगाऊ सूचना देऊन येतो. ती सूचना ओळखणारा चालक, त्याला उसंत देणारे प्रवासी, चुकलेल्या वाहनाला वाट देणारा रस्ता आणि उताराच्या रेषेतून आपला बसथांबा बाजूला घेणारे गाव, या चौघांनी आपापला वाटा उचलला, तर असे अनेक अपघात टळू शकतील आणि जे टळणार नाहीत त्यांतील प्राणहानी कमी होईल. त्यांपैकी बसथांबा हलविण्याचे काम ग्रामपंचायतीच्या पुढील सभेतच हाती घेता येण्यासारखे आहे.